पडीक माळावर ‘इंधनाचं पीक’ लावायचं? सही करण्याआधी हा हिशेब वाचा

राजगुरुनगर (ता. खेड) : मार्च उजाडला की आपल्या तालुक्यात संध्याकाळी कुठं ना कुठं धूर दिसतोच. पूर्वेला दावडी-कनेरसरकडं तुराट्या आणि बांधावरची काटेरी झुडपं पेटतात. भीमेच्या काठाला उसाचं पाचट पेटतं. वर वाडा-भोरगिरीकडं भाताच्या रोपासाठी राब भाजतात. आपण हे सगळं कचरा म्हणून जाळतो, आणि त्याच वेळी कोणीतरी येऊन सांगतं, की तुमच्या पडीक माळावर ‘इंधनाचं पीक’ लावा, लाखांत कमवा.

मागच्या महिन्यात भावकीतल्या एका पोराचा फोन आला. त्याची माळावर पाच एकर मुरमाड जमीन आहे. पाऊस चांगला झाला तर बाजरी, नाहीतर नुसती कुसळं. म्हणाला, “आण्णा, नेपियर गवत लावा म्हणत्यात. त्याचा गॅस करणार. मेंबर व्हायला आधी पैसे भरायचे, मग सगळं गवत तेच उचलणार. सही करू का?”

त्याला जे सांगितलं, ते अनेकांच्या कामाचं आहे. म्हणून सविस्तर लिहितोय.

इंधनाचं पीक म्हणजे काय?

ज्या पिकातून तेल, गॅस, इथेनॉल किंवा जळण मिळतं, ते इंधनाचं पीक. उसापासून इथेनॉल होतं, ते आता सगळ्यांना माहीत आहे. माळरानासाठी मात्र नावं वेगळी घेतली जातात : जट्रोफा, करंज, नेपियर, बांबू, सुबाभूळ.

यातल्या काहींना खरोखर मागणी आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2021 मध्ये औष्णिक वीज केंद्रांना दगडी कोळशासोबत 5 टक्के काडीकचऱ्याच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, जाळायचं धोरण आणलं. कारखान्यांच्या बॉयलरला भुसा, शेंगांची टरफलं, बगॅस दाबून केलेला ‘पांढरा कोळसा’ लागतो. चाकण एमआयडीसी आपल्या दारात आहे, तेव्हा मागणी खोटी आहे असं म्हणता येणार नाही.

पण गिऱ्हाईक असणं आणि आपल्या माळावर ते पीक परवडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक जट्रोफाने आपल्याला एकदा शिकवलाय.

जट्रोफाचं काय झालं, आठवतंय?

वीस वर्षांपूर्वी जट्रोफाचं, म्हणजे मोगली एरंडाचं, वारं सुटलं होतं. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जट्रोफाच्या बियांपासून डिझेल करायची मोठी योजना मांडली. 2009 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात तर 2017 पर्यंत 20 टक्के जैवइंधन मिसळायचं उद्दिष्ट होतं. ‘पडीक जमिनीत येतं, पाणी लागत नाही, जनावर खात नाही,’ असा प्रचार झाला.

यातलं ‘जनावर खात नाही’ तेवढं खरं निघालं, कारण ते विषारी आहे. पाणी नसलं तरी झाड जगतं हेही खरं. पण जगणं वेगळं आणि बी धरणं वेगळं. भरपूर बी हवं असेल तर त्याला चांगली जमीन, खत आणि पाणी लागतं. ज्याच्याकडं हे सगळं आहे, तो कांदा लावील, जट्रोफा कशाला लावील? त्यातून जे थोडंफार बी आलं ते तोडायची मजुरी बियांच्या भावापेक्षा जास्त. 2017 साल आलं आणि गेलं, देशात डिझेलमध्ये बायोडिझेलचं प्रमाण एक टक्क्यावरही गेलं नाही. 2018 च्या नव्या धोरणात बायोडिझेलचं उद्दिष्ट 2030 पर्यंत 5 टक्के असं खाली आणावं लागलं.

इथेनॉलचं गणित जमलं, कारण तिथं कारखाना आधीच उभा होता, ऊस आधीच येत होता आणि तेल कंपन्यांचा खरेदी दर आधी जाहीर होत होता. गिऱ्हाईक आधी, पीक नंतर. जट्रोफाच्या वेळी पीक आधी लावलं आणि गिऱ्हाईक शोधत बसलो.

नेपियर माळाचं पीक आहे का?

नेपियर हे उत्तम वैरणीचं गवत आहे, यात वाद नाही. त्यातून गॅसही होतो. केंद्राने ऑक्टोबर 2018 मध्ये ‘सतत’ योजना आणली, त्यात शेण, प्रेसमड, काडीकचरा, गवत यांपासून गॅस करून तेल कंपन्यांनी तो विकत घ्यायचा, असं ठरलं. तेव्हा गॅसची योजना खोटी नाही.

पण नेपियर जोमदार वाढतं ते पाण्यावर. कापणीमागून कापणी घ्यायची तर पाणीही लागतं आणि खतही. माळावर दिवाळीनंतर ओल राहत नाही, तिथं दुसरी-तिसरी कापणी कुठून येणार? म्हणजे नेपियर लावायचं तर बागायत जमीन द्यावी लागेल, आणि बागायत द्यायची तर त्याची तुलना बाजरीशी नाही, कांद्या-बटाट्याशी करायला हवी.

दुसरी गोष्ट वाहतुकीची. हिरव्या नेपियरमध्ये 75 ते 80 टक्के पाणी असतं. म्हणजे एक टन गवत ट्रॅक्टरने नेलं, तर त्यातलं पाऊण टन पाणीच वाहून नेलं. प्रकल्प पंधरा-वीस किलोमीटरच्या आत नसेल, तर गवताचे पैसे डिझेलमध्येच जातात.

आणि तिसरी गोष्ट आपल्या भागाची. खेड तालुका जुन्नर वनविभागात येतो, बिबट्या आपल्याला नवा नाही. उसासारखंच दाट नेपियर वस्तीला लागून लावणं म्हणजे त्याला लपायला जागा देणं. घर, गोठा आणि शाळेची वाट यांपासून ते लांबच हवं.

माळ रिकामा नसतो

सरकारी कागदावर ‘पडीक’ लिहिलं म्हणून जमीन बिनकामाची होत नाही. त्याच माळावर शेळ्या-मेंढ्या चरतात. धनगरांचे वाडे दरवर्षी याच वाटेने येतात आणि शेतात मेंढरं बसवून खत देऊन जातात. कुसळी गवत, बोरी, बाभळी, त्यावरचे पक्षी हे सगळं त्या माळाचंच उत्पन्न आहे. अख्खा माळ नांगरून एकच पीक लावलं, तर हे सगळं जातं आणि उतारावरची वितभर मातीही पहिल्या दोन पावसात वाहून जाते. गायरान तर गावाचं आहे, त्यावर कोणा एकट्याने करार करायचा प्रश्नच नाही.

म्हणून माझं मत असं, की माळ मोडू नका. बांध, ओढ्याची कड, घळी आणि कुंपणाची रेघ यावर झाडं लावा.

बांधावर काय लावता येईल?

ग्लिरिसिडिया (गिरीपुष्प) : पावसाळ्याच्या सुरुवातीला हातभर जाड फांदी खोचली तरी लागते. कोवळा पाला शेतात हिरवळीच्या खताला, जाड फांद्या जळणाला. दरवर्षी छाटता येतं.

सुबाभूळ : उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने हे झाड आपल्या भागात पोचवलं. जळण आणि चारा दोन्ही देतं. पण बी फार पडतं आणि रान भरून जातं, म्हणून शेंगा पिकायच्या आत छाटणी हवी. पाला एकट्यानेच जनावराला भरपूर घालू नये, त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. दुसऱ्या वैरणीत थोडा मिसळून द्यावा.

बांबू : ओढ्याकडेला आणि घळीत चांगला येतो, माती धरतो. पहिली तोड मिळायला चार-पाच वर्षं जातात, हे धरूनच लावा. 2017 मध्ये भारतीय वन कायद्यात बदल झाला आणि वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडणं सोपं झालं. रोजगार हमीतून बांबू लागवडीला मदतीची योजना राज्याने आणलेली आहे. चालू वर्षाचे नियम कृषी सहायकाला विचारून घ्या.

एक लक्षात ठेवा. साग, हिरडा, खैर, आंबा, जांभूळ अशी अनुसूचित झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी 1964 च्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीतून तर काडीही आणायची नाही.

जळणाचा कोळसा, कोळशाचं खत

आता मुख्य मुद्दा. बांधावरची छाटणी, तुराट्या, घाणेरीची झुडपं, दाणे काढलेली मक्याची कणसं हे सगळं कंपनीला विकण्याइतकं आपल्याकडं नसतं. पण स्वतःच्या शेतात कामाला येण्याइतकं नक्की असतं. त्याची राख करण्याऐवजी कोळसा करायचा आणि तो शेणखतात मुरवून जमिनीत घालायचा. यालाच बायोचार म्हणतात.

लाकूड उघड्यावर पूर्ण जळालं, की त्यातला जवळजवळ सगळा कार्बन हवेत जातो आणि राख उरते. हवा कमी मिळाली, तर कोळसा उरतो. हा कोळसा शेणखतासारखा दोन-तीन वर्षांत कुजून संपत नाही, जमिनीत शेकडो वर्षं टिकू शकतो. त्याला बारीक बारीक छिद्रं असतात, त्यात पाणी, खताचे अंश आणि जिवाणू धरले जातात. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या जंगलात शेकडो वर्षांपूर्वीच्या वस्त्यांच्या जागी कोळसा मिसळलेली काळी माती आजही आजूबाजूच्या मातीपेक्षा सुपीक आहे, तिथूनच शास्त्रज्ञांना ही कल्पना सुचली.

आपल्याकडंही हे काम नवं नाही. पुण्याच्या ‘आरती’ या डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करायची भट्टी तयार केली. एक हेक्टर उसातून साधारण 10 टन पाचट निघतं, ते जाळून टाकण्याऐवजी त्याच्या कांड्या करून चुलीत वापरायच्या, अशी कल्पना. त्यासाठी 2002 मध्ये संस्थेला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. हैदराबादच्या ‘क्रिडा’ या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने लोखंडी ड्रमपासून साधी भट्टी केली आहे, तीत तुराट्या, पऱ्हाट्या, मक्याची ताटं यांचा बायोचार होतो.

राब भाजणाऱ्या आपल्या डोंगरातल्या मंडळींना आग आणि माती यांचं नातं पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. राबात तणाचं बी मरतं, राखेने रोप जोर धरतं. फरक एवढाच, की राबात शेवटी राख उरते, कोळसा फार उरत नाही.

कोणत्या जमिनीला चालतो, कोणत्या नाही

इथं बरेच जण फसतात. बायोचार स्वतः विम्लधर्मी असतो, त्याचा सामू साधारण 8 ते 10. राख जास्त असेल तर आणखी वर. म्हणजे तो चुन्यासारखं काम करतो.

आपल्या पश्चिम पट्ट्यातली तांबडी, जास्त पावसाने धुपलेली माती आम्लधर्मी असते. तिथं बायोचारचा फायदा दिसायची शक्यता जास्त. पण भीमेच्या काठची काळी, चुनखडीची जमीन घेतली, तर तिचा सामू आधीच 7.5 ते 8.5 च्या घरात असतो. तिथं कोळसा भरपूर ओतला, तर लोह, जस्त पिकाला मिळणं आणखी अवघड होऊन पानं पिवळी पडू शकतात.

2017 मध्ये जगभरच्या प्रयोगांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. उष्ण देशांत बायोचारने सरासरी 25 टक्के उत्पादन वाढलं, थंड देशांत सरासरी वाढ शून्य. कारण उष्ण देशांतल्या त्या जमिनी बहुतेक आम्लधर्मी आणि कसदारपणा गेलेल्या होत्या. जमीन चांगली असेल, तर कोळसा जादू करत नाही.

म्हणून आधी माती तपासा. सामू 7 च्या खाली असेल तर पुढं जा. 7.5 च्या वर असेल तर थोडाच, आणि तोही शेणखतात मुरवूनच वापरा. मुरमाड, हलक्या जमिनीत पाणी धरून ठेवायला त्याचा उपयोग होऊ शकतो, पण तिथंही आधी एका वाफ्यावरच बघायचं.

किती लागतो? इथं पाटी-पेन्सिल घ्या

प्रयोगांमध्ये बहुतेक वेळा हेक्टरी 10 टन बायोचार घालतात. म्हणजे एका गुंठ्याला 100 किलो, एकराला 4 टन. खड्ड्यात 100 किलो वाळलेल्या लाकडातून 20 ते 25 किलो कोळसा मिळतो. म्हणजे एका एकरासाठी 16 ते 20 टन वाळलेलं लाकूड हवं! अख्ख्या वाडीचं जळण गोळा केलं तरी होणार नाही.

मग काय करायचं? सगळ्या रानात न पसरता फक्त मुळाशी द्यायचा. नेपाळमध्ये भोपळ्यावर असा प्रयोग झाला, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. हेक्टरी फक्त 750 किलो बायोचार गोमूत्रात भिजवून मुळाशी दिला. नुसतं गोमूत्र दिलेल्या भोपळ्यापेक्षा उत्पादन चौपटीच्या आसपास गेलं. कोरड्या कोळशापेक्षाही भिजवलेला कोळसा 85 टक्क्यांनी सरस ठरला. एका जमिनीतला, एका पिकाचा हा प्रयोग आहे. आपल्याकडं चौपट येईल असं कोणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. पण ‘थोडा, भिजवून, मुळाशी’ हे तंत्र घेण्यासारखं आहे.

त्या हिशेबाने एकराला 300 किलो कोळसा, म्हणजे 12 ते 15 क्विंटल वाळलेलं लाकूड. बांधावर ग्लिरिसिडियाची चांगली रेघ असेल आणि जोडीला तुराट्या, घाणेरी असेल, तर दोन-तीन वर्षांत थोडं थोडं करून हे जमतं.

खड्डा कसा काढायचा?

भट्टी विकत घ्यायची गरज नाही. वर रुंद, खाली निमुळता असा खड्डा काढा : तोंड साधारण 5 फूट, खोली 3 फूट.

1. काडी पूर्ण वाळलेली हवी. ओली असेल तर धूर होतो आणि कोळसा कच्चा राहतो.

2. तळाला बारीक काटक्या पेटवा. त्यावर पांढरट राखेचा पापुद्रा दिसू लागला, की पुढचा पातळ थर टाका. असं थरावर थर. वरची ज्योत खालच्या कोळशापर्यंत हवा पोचू देत नाही, हेच यातलं गुपित आहे. एकदम सगळं टाकलं तर धूर कोंडतो.

3. दोन-तीन तासांत खड्डा भरला, की लगेच पाणी मारा. दोनशे लिटरचा ड्रम भरून आधीच जवळ ठेवा. पाणी कमी असेल तर वरून ओली माती टाकून हवा बंद करा. मी पहिल्यांदा तुराट्यांचा खड्डा केला, तेव्हा पाणी पुरलं नाही आणि मातीही पातळ पडली. सकाळी उघडून बघतो तर निम्म्याची राख.

4. थंड झाल्यावर हातात घेऊन चोळा. नुसत्या पाण्याने हात स्वच्छ झाला तर कोळसा पक्का. तेलकट राहिला तर अजून कच्चा आहे, पुढच्या खड्ड्यात परत टाका.

5. ओला असतानाच चेचून बारीक करा. कोरडी धूळ छातीत जाते, तोंडाला फडकं बांधा.

6. कोरडा कोळसा थेट पिकाला देऊ नका. तो आधी जमिनीतलं नत्र स्वतःच धरून ठेवतो आणि पीक पिवळं पडतं. उकिरड्यात दहा टोपल्या शेणाला एक टोपली कोळसा या प्रमाणात महिनाभर तरी मुरवा. नाहीतर गोठ्यात मूत साचतं तिथं पसरा. वासही कमी होतो आणि कोळसाही भरतो.

वारा असताना, दुपारच्या उन्हात, गंजीजवळ किंवा जंगलाच्या कडेला हे काम करायचं नाही. एमआयडीसीतून आलेली रंग लावलेली, प्लायवूडची, रसायन मारलेली लाकडं आणि प्लॅस्टिक खड्ड्यात टाकायचं नाही. त्यातलं विष तुमच्याच जमिनीत उतरेल.

कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतात का?

हाही प्रश्न हल्ली येतो. जानेवारी 2025 मध्ये गुगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीशी करार केला. 2030 पर्यंत बायोचारमधून एक लाख टनांची कार्बन क्रेडिट घ्यायची. तिथं गुजरातमध्ये वेड्या बाभळीचा कोळसा होतो. म्हणजे बाजार खरा आहे.

पण आपला हिशेब बघा. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. 300 किलो कोळशात साधारण 210 किलो कार्बन, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो सुमारे 770 किलो. म्हणजे एका एकराच्या कोळशाचं पुरतं एक क्रेडिटही होत नाही. वर मोजमाप, फोटो, तपासणी, नोंदी. एकट्याला हे परवडत नाही, शेतकरी कंपनीने किंवा गटाने मिळून केलं तर वेगळी गोष्ट. तोवर क्रेडिटच्या नावाखाली कोणाला आगाऊ पैसे देऊ नका.

सही करण्याआधी हे विचारा

- प्रकल्प उभा आहे का? कुठं? किती किलोमीटरवर? स्वतः जाऊन बघा.
- गवत किंवा लाकूड कोणत्या दराने घेणार, ओलं की वाळलेलं, हे करारात लिहिलंय का?
- तोडणी आणि वाहतूक कोणाच्या खर्चाने?
- माल उचलला नाही तर भरपाई किती?
- करार किती वर्षांचा? त्याची नोंद सातबाऱ्यावर होणार का?
- आधी पैसे भरायचे असतील, तर ते कशाचे? माल विकत घेणारा आपल्याला पैसे देतो, आपल्याकडून घेत नाही.

हे प्रश्न त्या पोराने विचारले. प्रकल्पाच्या जागेचं नीट उत्तर मिळालं नाही, म्हणून त्याने सही केली नाही. गेल्या आठवड्यात त्याने मातीचा नमुना तपासायला दिला आणि घाणेरी तोडून पहिला खड्डा केला. पाऊस पडला की बांधावर ग्लिरिसिडियाच्या फांद्या खोचणार आहे. रब्बी कांद्याला चार वाफे वेगळे ठेवणार : दोन नुसत्या शेणखताचे, दोन कोळसा मुरवलेल्या शेणखताचे. काढणीला चारही वाफ्यांचा कांदा वेगळा मोजायचा, असं ठरलंय.

वाफ्यांत फरक पडला नाही, तर त्याची दोन दिवसांची मजुरी गेली. सही केली असती, तर मेंबर फीबरोबर पाच एकर माळही अडकला असता. ज्यांना आपल्या जमिनीबद्दल विचारायचं आहे, त्यांनी माती परीक्षणाचा अहवाल घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात जावं. आणि या उन्हाळ्यात बांध पेटवायच्या आधी एक खड्डा तरी काढून बघावा.